पाहुण्यांकडं पाठ नको म्हणून

आधीच सांगून ठेवते, माझ्यासमोर 'नशीब' हा शब्द काढायचा न्हाई. नांदेडच्या दवाखान्यात मी सव्वा महिना पाठीवर पडून होते. त्या दिवसांत भेटायला आलेल्या एकूणएक माणसानं केळी आणली आणि नशीब आणलं. केळी मी वॉर्डात वाटून टाकली. नशीब ज्याचं त्याला परत दिलं, तर म्हणे बाई लई खवट झाली.

झाली खवट. मणका मोडून पडल्यावर माणूस गोड कसा राहील, हे मला कुणी तरी दाखवा.

हे लिहायला मला दवाखान्यातल्या व्यायाम घेणाऱ्या ताईंनी सांगितलं. म्हणाल्या, तुमच्यासारख्या पडून असलेल्यांना धीर येईल. धीर येईल का ते मला ठाऊक न्हाई. पण तुमी आत्ता छताकडं बघत पडला असाल आणि तुमच्या पोटात राग उकळून राहिला असेल, तर तो राग काही वाईट न्हाई, एवढं मी सांगू शकते. फक्त तो कुणाच्या हातात देऊ नका. मी दिला होता.

मी आरोग्यसेविका. आखाडा बाळापूरपासून आत, आडरस्त्याला आमचं उपकेंद्र. हाताखाली सात वाड्या, आणि रस्ता फक्त दोनच वाड्यांना. माहेर गोरेगावकडचं, शेरडं-मेंढरं पाळणारं घर. लहानपणी मेंढरांमागं चालले, लग्नानंतर लसीचा डबा खांद्याला अडकवून चालले. पाय हेच माझं नोकरीचं सामान होतं. म्हणून दवाखान्यात पडल्यावर मला एकच गोष्ट पाहिजे होती. मला माझ्या वाड्यांवर पायी जायचं होतं.

छत्रीची गाडी

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. पोलिओच्या डोसाची मोहीम होती. आमच्या भागातले एक पुढारी, सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात, त्यांच्या डोक्यात आलं की या वेळी डोसाची पत्रकं आभाळातून टाकायची. कुठल्याशा मेळाव्यात त्यांनी एक गाडी पाहिली होती. तीन चाकांचा सांगाडा, एकामागं एक दोन खुर्च्या, मागं भला मोठा पंखा. विमानाला असतात तसे पंख न्हाईत, वर फक्त कापडाची लांबरुंद छत्री. गाडी पळाली की मागं जमिनीवर पसरलेलं कापड वारा भरून डोक्यावर येतं आणि गाडीला उचलतं. आमच्या लोकांनी तिचं नाव छत्रीची गाडी ठेवलं. ती घेऊन पुण्याकडचे मोहिते म्हणून पायलट आले होते. शांत, कमी बोलणारा माणूस.

पत्रकं टाकायला मागच्या खुर्चीत कोण, तर नर्सबाई. मला कुणी जबरदस्ती केली न्हाई, हे लिहून ठेवते. मला बसायचंच होतं. ज्या वाड्यांना मी बारा वर्षं पायी गेले, त्या एकदा वरून पाहायच्या होत्या.

कार्यक्रम सकाळी आठचा. साडेसहाला मोहित्यांनी एकट्यानं एक चक्कर मारून दाखवली. वारा अजिबात नव्हता. गाडी अशी अलगद गेली आणि अलगद उतरली की माझी भीतीच गेली. मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं आणि म्हणाले, "ताई, गाडी पळाली की मी वर बघणार. छत्री डोक्यावर सरळ आली असेल तरच पुढं जायचं. वाकडी असेल तर इंजिन बंद. उतरायचं, कापड परत पसरायचं. दहा वेळा पसरावं लागलं तरी पसरायचं, त्यात लाज नाही."

हे त्यांचे शब्द. मी विसरले न्हाई. विसरायचे ते विसरले.

आठचे पाहुणे सव्वाबाराला आले. फाल्गुनातलं ऊन. सकाळी झोपलेला वारा उठून बसला होता, नांगरलेल्या रानात वावटळी फिरून राहिल्या होत्या. मोहिते दादासाहेबांकडं गेले आणि म्हणाले, आत्ता नको, संध्याकाळी पाचनंतर करू. मी दोन हातांवर उभी होते. दादासाहेब म्हणाले, पाहुण्यांना तीन वाजता दुसऱ्या तालुक्यात जायचंय, आणि एवढं गाव सकाळपासून उन्हात बसलंय ते काय तुमची छत्री वाळत घातलेली बघायला?

मग मोहित्यांनी दुसरी गोष्ट मागितली. वारा मावळतीकडून होता. गाडी वाऱ्याकडं तोंड करून पळवावी लागते, म्हणजे छत्री सरळ उभी राहते. मंडप होता उगवतीला. म्हणजे मंडपाकडं पाठ करून पळायचं.

दादासाहेबांचा चेहराच बदलला. "मोहिते साहेब, पाहुण्याला पाठ दाखवून जाता का? आमच्याकडं लेकरू बी पाहुण्याकडं पाठ करून बसत न्हाई."

यावर कुणी काही बोललं न्हाई. मी बी न्हाई. खरं सांगायचं तर मला ते बराबरच वाटलं. घरात पाहुणा बसलेला असताना मी त्याच्याकडं पाठ करून भाकरी थापायला बसले, तर सासूबाई अजून चार शब्द ऐकवतात. आमचं सगळं वळणच तसं. वाऱ्याला पाठ चालते, पाहुण्याला चालत न्हाई. गाडी फिरवून मंडपाकडं तोंड करून लावली.

मग सत्कार. मोहित्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट दादासाहेबांनी आपल्या हातानं उतरवलं आणि फेटा बांधला. दादासाहेबांनी बांधलेला फेटा सगळ्यांसमोर काढणारा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्माला यायचाय. मोहिते तर बाहेरचे. ते फेट्यावरच गाडीत बसले. बाईला फेटा बांधत न्हाईत, म्हणून माझ्या डोक्यावर हेल्मेट राहिलं. माझी ओटी भरली. खण-नारळ मांडीत, पत्रकांची पिशवी दोन पायांत.

जेवढा वेळ मान हलवायला लागतो

इंजिन सुरू झालं की कान बंद होतात. गाडी पळाली. मागून ओढ बसली, म्हणजे कापड उठून राहिलं होतं. ते उशिरा उठलं. वारा पाठीमागून असल्यानं त्याला पोट धरायलाच वेळ लागला. तोवर गाडी लई पुढं आली होती.

मोहित्यांनी वर पाहिलं. त्यांनी शिकवलं होतं म्हणून मी बी पाहिलं. छत्री डाव्या अंगाला कलली होती आणि तिची एक कड आत मुडपलेली होती. मला, ज्या बाईनं ती गाडी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिली, तिला दिसलं. त्यांना दिसलं नसेल असं कुणी म्हणू नये.

समोर मंडप जवळ येऊन राहिला होता. लोक उठून उभे राहिले, टाळ्या वाजवू लागले. टाळ्या ऐकू येत नव्हत्या, हात दिसत होते. मोहित्यांनी मान मागं वळवली, माझ्याकडं पाहिलं, भुवया उचलल्या आणि हात पुढं केला. घेऊ का?

मी मान हलवली. नुसतं व्हय न्हाई, हसले बी.

त्यांनी इंजिनाचा दांडा पूर्ण पुढं लोटला. गाडी एका चाकावर उठली, दोन पुरुष उंचीवर गेली असेल. मग कापड एका बाजूनं मिटलं आणि आमी मंडपाच्या अलीकडं आपटलो. मी बुडावर आपटले. आवाज माझ्या आतून आला. आपल्याला दोन पाय आहेत, हे मला डोळ्यांनी पाहून कळलं.

नारळ मांडीतच होता. फुटला न्हाई मेला.

पुढं कितीतरी महिने माझा सगळ्यात मोठा राग हाच होता. तू पायलट. वर बघायचं तुझं काम, दांडा तुझ्या हातात. विचारतो कुणाला? जिला सकाळी पट्टा बांधायला शिकवला तिला? मी आजवर कुठल्या बाईला विचारलं न्हाई की, ही सुई उकळलेली न्हाई, टोचू का. त्यातली जाण मला आहे, तिला न्हाई. त्या बाईनं हसून मान हलवली तरी माझा हात थांबला पाहिजे. त्याचा पगार मला मिळतो.

टेबल

पन्नास माणसं धावली. मला बगलेत हात घालून उचलायला लागली. मी आयुष्यात ओरडले नसेन इतकी ओरडले. हात लावू नका, टेबल आणा. मंडपातलं पाहुण्यांपुढचं टेबल आणलं, पेले-हार खाली सांडले, आणि मी सांगेन तसं, पाठ न वाकवता, मला त्यावर सरकवलं. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या टेबलानं तुमचे पाय वाचवले. म्हणजे जे काही वाचलं ते मीच वाचवलं, नशिबाचा त्यात काही हात न्हाई.

मोहिते पलीकडं पडले होते. फेटा रक्तानं भिजला होता तरी कुणी सोडीना. सत्काराचा फेटा ना. मी टेबलावरून ओरडले, सोडा तो, घडी करून जखमेवर दाबून धरा. तेव्हा कुठं सोडला.

नांदेड

डॉक्टरांनी टाचणीनं पाय टोचून पाहिले. टोचून राहिले ते दिसत होतं, कळत नव्हतं. फोटो काढले. मग खुर्ची ओढून बसले. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की बातमी वाईट असते, हे मला बारा वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. मणका दबलाय, म्हणाले. नसा तुटल्या न्हाईत, पण चेपल्यात. ऑपरेशन करून स्क्रू घालू.

मी विचारलं, मी चालेन का?

"आपण प्रयत्न करू," ते म्हणाले.

हे वाक्य मी स्वतः कितीतरी घरांत बोलले होते. ते कधी बोलतात ते मला ठाऊक होतं. मी तोंड फिरवायला गेले, तर पाठीमुळं तेही फिरेना.

ऑपरेशननंतरचे दिवस सगळे सारखे. दर दोन तासांनी कूस बदलायची, न्हाई तर पाठीला जखमा पडतात. खाली चादर घालून दोघांनी एकदम ओढायचं, मान-पाठ-कंबर एका रेषेत. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, मालक म्हणायची आमच्याकडं रीत आहे, त्यांनी ते नर्सेसपेक्षा चांगलं शिकून घेतलं. त्यांनी जन्मात घरात पाण्याचा तांब्या उचलला नव्हता. आता घड्याळ बघून उठायचे. बोलत मात्र नव्हते. लघवीच्या नळीची पिशवी रिकामी करायचे, खिडकीशी जाऊन उभे राहायचे. त्यांच्या त्या पाठीकडं बघून मला वाटायचं, हा माणूस किती दिवस काढील? लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी त्यांच्यावरच ओरडायचे. तुमी बी असंच करत असाल तर जरा सांभाळा. समोरचा माणूस बी घाबरलेला असतो, आणि त्याला ओरडायला कुणी नसतं.

भीती होतीच. दिवसा, चहा आणि राउंडच्या मधल्या वेळेत यायची. मला मरणाची भीती नव्हती. भीती होती ती बाकीचं आयुष्य दुसऱ्याच्या हातानं धुवून घ्यायची.

बरं म्हणावं असं बी घडलं. वॉर्डातल्या मावशींनी एका दुपारी पलंगाच्या कडेला प्लास्टिकचा कागद लावून माझे केस धुतले. आपटले त्या दिवसाची माती निघाली. मी हमसून रडले, मावशींनी आणखी एक मग पाणी घातलं. आणि एकोणिसाव्या दिवशी मालक चादर सारखी करता करता थांबले. "कौसल्या, अंगठा हलव." मी म्हटलं, कुठला? "डावा. आत्ता हलला." मला काही कळलं नव्हतं. परत जोर लावला. हलला म्हणे. ते खुर्चीत बसले आणि टॉवेलात तोंड घालून बसूनच राहिले.

त्याच आठवड्यात एक पाहुणेबाई येऊन म्हणाल्या, बघा देवाची करणी, पोलिओवाल्या बाईचेच पाय गेले. मी म्हटलं, मावशी, दार तिकडं आहे. केळी बी घेऊन जा.

पहिला जबाब

हे मात्र मला सरळ लिहायचंय.

ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी ठाण्याचे हवालदार जबाब घ्यायला आले. बरोबर दादासाहेबांचा माणूस. त्याच्याकडं कागद तयारच होता. म्हणाला, सिस्टरला बोलायला तकलीफ होईल म्हणून आमीच लिहून आणलं. मी वाचला. मी रजिस्टरमधली रेघ न रेघ वाचणारी बाई, तोही वाचला. त्यात होतं की, वारा असल्यानं उडू नये असं आयोजकांनी बजावलं असतानाही पायलटनं आपल्या मर्जीनं गाडी उडवली. दिशेचं न्हाई. फेट्याचं न्हाई. मी मान हलवल्याचं तर न्हाईच.

पायलट दुसऱ्या दवाखान्यात आहे, डोक्याला मार आहे पण वाचला, एवढं कळलं होतं. वाचला हे ऐकून मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते. मला कुणाचा तरी गळा धरायचा होता. कागदावर एक गळा आयता मिळाला.

"बराबर आहे ना, सिस्टर?" हवालदारांनी विचारलं.

मी मान हलवली आणि सही केली. मान हलवायची ही दुसरी खेप.

घर

जीपमध्ये आडवी घालून घरी आणलं. पुढच्या खोलीत पलंग. देव्हाऱ्यात तो नारळ. सासूबाईंनी त्याला हळद-कुंकू लावून ठेवला होता, नारळ फुटला न्हाई म्हणून माझा जीव वाचला, असा त्यांचा हिशोब. आणि त्याच तोंडानं दिवसातून दोनदा, बाईच्या जातीनं काहून उडायला जावं. पलंगावरून मला देव्हारा सरळ दिसायचा. एक दिवस म्हटलं, आत्याबाई, त्या नारळाची चटणी करा न्हाई तर मी सरपटत येऊन फोडीन. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी ताटात चटणी होती, लसूण जास्त घालून, मला आवडते तशी.

मालक एकदा भडकले. मोहित्याला गाठून पाय मोडतो म्हणाले. मी म्हटलं, टाळ्या तुमी बी वाजवत होता, मी गाडीतून पाहिलं. ते जेवण टाकून शेरडांकडं निघून गेले. मी खरं बोलले होते आणि तरी मला चांगलं वाटलं न्हाई.

नळी निघाली. आपली आपल्याला लघवी झाली त्या दिवशी मी शेजारणींना चहा पाजला, कशाचा ते सांगितलं न्हाई. कंबरेला पट्टा, हातात वॉकर. अंगणात शेरडांच्या दावणीपर्यंत आठ पावलं. डावा पाय उचलायचा, उजवा ओढत यायचा. पडले. चारदा पडले. आमच्या पाटीनं, कोवळ्या शेळीनं, रवंथ करायचं सोडलं न्हाई. बघणाऱ्यात तेवढीच एक हळहळत नव्हती, म्हणून मला ती बरी वाटायची.

मोहिते

पावसाळा सरत आला होता. दुपारी जीपमधून उतरून एक माणूस अंगण ओलांडून पुढच्या खोलीत आला. कपाळापासून टाळूपर्यंत व्रण, तिथं केस न्हाईत. मी ओळखलं. मालक उठले, मी म्हटलं, बसा खाली. याच्याशी मी बोलणार.

पाच महिने मी शिव्या पाठ करून ठेवल्या होत्या. एकेक काढून दिली. तो माणूस उभ्यानं ऐकत राहिला. माझा श्वास संपला तेव्हा म्हणाला, "ताई, मला आठवत नाही."

सकाळचे पोहे खाल्लेले आठवतात, म्हणाले. त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. मधलं काहीच न्हाई. केस चालू आहे, म्हणाले. कागदावर आहे की, लोक नको म्हणत असताना मी उडालो. मी असा माणूस नव्हतो असं वाटतं, पण मी त्या दिवशी कसा होतो तेच मला माहीत नाही. रोज तोच विचार करतो. गाडी विकून टाकली.

मग ते वाकले, माझ्या पलंगाच्या उंचीवर आले.

"तुम्ही माझ्या मागं बसला होता. मी वर पाहिलं होतं का?"

मी न्हाई म्हणाले असते तर त्यांना एका तऱ्हेनं सुटल्यासारखं वाटलं असतं. पाहिलंच न्हाई, म्हणजे कळलंच न्हाई. व्हय म्हणून तिथंच थांबले असते, तर सगळं त्यांच्याच गळ्यात पडलं असतं. माझ्याशिवाय ही गोष्ट जगात कुणालाच ठाऊक नव्हती, दांडा ज्याच्या हातात होता त्याला बी न्हाई. मला त्याच्याबद्दल दया आली असं समजू नका. रागच होता. पण तो आता एकट्या त्याच्यावर राहीना.

"पाहिलं होतं," मी म्हणाले. "छत्री वाकडी होती. तुमाला दिसली. मग तुमी मागं वळून मला विचारलं, घेऊ का. आणि मी मान हलवली."

मालक माझ्याकडं बघतच राहिले. त्यांना बी मी हे सांगितलं नव्हतं.

बाकीचं बी सांगितलं. संध्याकाळी करू म्हणाला होतात. वाऱ्याकडं तोंड करून जातो म्हणाला होतात. कुणी तुमाला थांबवलं न्हाई, उलट तुमीच थांबवून राहिले होते. मोहिते खाली बसले. मग म्हणाले, "तुम्हाला विचारायला नको होतं मी. विचारलं, म्हणजे मला उत्तर माहीत होतं."

जाताना मी विचारलं, माझा जबाब तुमी वाचला असेल. तो बदला म्हणायला आलात का? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. तुमचा जबाब तुमचा आहे, म्हणाले, मला फक्त कळायला पाहिजे होतं. चहा न घेता गेले.

बदला म्हणाले असते तर मी भांडले असते आणि बसून राहिले असते. म्हणाले न्हाईत, म्हणून मला झोप लागेना.

पाच पायऱ्या

घरात कडाक्याचं वाजलं. मालक म्हणाले, दादासाहेबांशी वैर घेऊन या भागात नोकरी करायचीय का? सासूबाई म्हणाल्या, सही केली ती केली, आता कशाला उकरून काढती? दोघं खोटं बोलत नव्हते. मी आठ दिवस ऐकलं. नवव्या दिवशी मालकांनी न सांगता जीप दारात आणून उभी केली आणि म्हणाले, चल, पावसाच्या आत येऊ.

ठाण्याला पाच पायऱ्या, कठडा न्हाई. अंगणाच्या बाहेर मी तोवर पाऊल टाकलं नव्हतं. मालक म्हणाले, तू जीपमधीच बस, मी हवालदाराला बाहेर बोलावतो. मी न्हाई म्हटलं. एका काखेत मालकांचा खांदा, दुसऱ्या हाताखाली घरून आणलेली काठी. डावा पाय वर, उजवा ओढून. तिसऱ्या पायरीवर मला घेरी आली, थांबले. पाचवी चढले तेव्हा ब्लाउज घामानं चिंब झाला होता. मालकांनी खालून वॉकर आणून पुढ्यात ठेवला.

हवालदारांनी खुर्ची पुढं केली. "बसा, सिस्टर."

मी म्हटलं, उभ्यानंच सांगते.

त्यांनी जुना कागद काढला, माझ्यापुढं धरला. "हा आहे की तुमचा जबाब. बराबर आहे ना?"

"न्हाई," मी म्हणाले. "नवा लिहा."

आणि सांगितलं. पायलट संध्याकाळी म्हणाला होता, कुणी ऐकलं न्हाई. गाडी वाऱ्याला पाठ करून लावली, कारण पाहुण्यांकडं पाठ नको होती. हेल्मेट उतरवून फेटा बांधला, आणि कुणी हरकत घेतली न्हाई. मी बी न्हाई. छत्री वाकडी होती. पायलटनं पाहिली, त्याला कळली, तरी दांडा पुढं लोटला. तो गुन्हा त्याचा, तो मी माफ करत न्हाई, तो बी लिहा. त्याआधी त्यानं मला विचारलं आणि मी मान हलवली.

इथं हवालदारांनी पेन थांबवलं. "हे कशाला लिहिता, सिस्टर? हे कुणी विचारलेलं न्हाई. यानं तुमच्यावरच येईल."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. वाचून दाखवलं. रेघ न रेघ ऐकली. मग कागद टेबलाच्या कडेला सरकवून त्यांनी पेन पुढं केलं. सही करायला उजवा हात वॉकरवरून काढावा लागणार होता. मालक धरायला पुढं आले, मी मानेनंच त्यांना थांबवलं. हात काढला आणि सही केली. पाय थरथरत होते, पण उभे राहिले.